खेळातला राघव, घरातली लेक

प्रश्न : आम्ही डिचोलीला राहतो. लेक बारावी सायन्सला आहे. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळते, तेही 'राघव' या नावाने. माइक कायम बंद. मार्क ठीक पडतात, पण आता म्हणते की गेमिंगमध्येच करिअर करायचं आणि त्यासाठी लाखाचा लॅपटॉप हवा. चवथीला आलेले दीर म्हणाले, "गेमिंग म्हणजे कॅसिनो. नाहीतर रिकामटेकड्या पोरांचा उद्योग." काय करू? – एक आई

उत्तर :

ताई, आधी माझी कबुली. तुमच्या मेलचा विषय होता 'गेमिंगचं वेड'. तेवढ्यावरूनच मी विस्कटलेल्या केसांचा एक मुलगा डोळ्यांसमोर उभा केला आणि मगच पत्र उघडलं. इतकी वर्षं मुलांना सल्ले देणाऱ्या बाईची ही तऱ्हा, तर तुमच्या दिरांना काय बोलणार?

त्यांचा घोटाळा मात्र खास गोव्याचा आहे. मांडवीत बोटी उभ्या आहेत, आणि कॅसिनोवालेही आपल्या धंद्याला गेमिंगच म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने हा गुंता बराच सोडवलाय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेम्सना, मान्यता, असे दोन वेगळे कप्पे त्यात आहेत. तुमची लेक दुसऱ्या कप्प्यातली.

आता 'रिकामटेकडी पोरं'. २००८ साली अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट २' या ऑनलाइन खेळाच्या सुमारे सात हजार खेळाडूंचा अभ्यास झाला. त्यांना प्रश्न विचारले आणि कंपनीच्या सर्व्हरवरची नोंदही ताडून पाहिली. सरासरी वय निघालं ३१, म्हणजे पोरं कसली, नोकरी-संसाराच्या वयाची माणसं. बायका होत्या पाचातली एक, पण खेळत होत्या पुरुषांपेक्षा जास्त : आठवड्याला साधारण २९ तास, पुरुष २५. मला त्यातली आणखी एक गोष्ट फार बोलकी वाटते. किती वेळ खेळता असं विचारल्यावर सगळ्यांनीच तास थोडे कमी सांगितले, पण बायकांनी जास्त चोरले! (आपण नाही का, टीव्हीवरच्या मालिका किती बघता म्हटलं की "छे, येता-जाता" म्हणतो.)

खेळ जुना, देश परका, हे खरंच. बीजीएमआयसारख्या गोळीबाराच्या खेळांत मुली आजही कमीच असतात. पण कमी असणं वेगळं आणि कमी दिसणं वेगळं. इथेच तुमचा राघव येतो. मुलीचं नाव दिसलं किंवा माइकवर आवाज ऐकू आला, की कुणी लाडीगोडी लावतो, कुणी शिव्या देतो, आणि हरलं तर खापर तिच्यावर. म्हणून मुली नाव बदलतात, माइक बंद ठेवतात. मग समोरचे म्हणतात, इथे मुली खेळतच नाहीत. हे असं चक्र आहे. राघव म्हणजे तुमच्यापासून लपवलेली भानगड नव्हे. तिने उन्हात जाताना घेतलेली छत्री आहे. तिला रागावू नका. राघव झाल्यावर लोक कसे वागतात, एवढं विचारा आणि ऐकत बसा. या धंद्यात खेळणाऱ्यांचा अभ्यास करणारी माणसं लागतात : कोण खेळतं, कशाला कंटाळतं, कुठे खेळ सोडून जातं. तुमची लेक ते फुकटात शिकतेय.

वेळेचं म्हणाल तर तिच्या खात्यात खरं वय घातलंय का बघा. बीजीएमआय बंदीनंतर २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. वय खोटं असेल तर ती लागत नाही. झोप, जेवण, अभ्यास, मैत्रिणी हे सगळं मागे पडू लागलं, तर मात्र समुपदेशकाकडे न्या. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

आता करिअर. खेळून पोट भरणारे हातावर मोजण्याइतके. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, त्यात तीर्थ मेहताने भारताला कांस्य मिळवून दिलं. कौतुकच आहे, पण त्या भरवशावर बारावी सोडू देऊ नका. खेळ बनवण्यात काम जास्त आहे : प्रोग्रामिंग, चित्रं, आवाज, चाचणी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. त्याची नायिका एक मुलगीच आहे, हे लेकीला ठाऊक असेल. बेंगळुरूच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. म्हणजे आधी पदवी हवी. कोडिंग आवडत असेल तर फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज, हात चित्रात असेल तर आल्तिनोचं कला महाविद्यालय, आणि माणसं वाचण्यात रस असेल तर मानसशास्त्र. मला तरी पत्रावरून हे तिसरंच जास्त वाटतंय, पण मी तिला भेटलेले नाही.

लॅपटॉप लगेच घेऊ नका. 'गोडो' नावाचं खेळ बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि साधा द्विमितीय खेळ करायला घरातला जुना कॉम्प्युटरही बहुधा पुरतो. बारावीची परीक्षा झाली की दोन महिने द्या. पाच मिनिटांचा का होईना, एक पुरा खेळ तिने बनवावा. पहिल्यांदा तो दिरांना खेळायला द्या, आणि ते कुठे अडकतात ते तिला वहीत लिहून घ्यायला सांगा. लॅपटॉपचं त्या वहीनंतर बोलू.