फ्लॅटचा इन्शुरन्स काढतेयस ना, मग आकडा स्वतः काढ

अगं, मेसेज वाचला. बँकेतला माणूस म्हणतो ९५ लाखांचं कव्हर घ्या मॅडम, मैत्रीण म्हणते सोसायटीचा असतोच की, आणि तू मला विचारतेस, "काका, कंपनी कोणती चांगली?" कंपनी राहू दे बाजूला. आधी आकडा, आणि तो तू काढायचा.

९५ लाख ही फ्लॅटची किंमत झाली, त्यात वारज्याची जमीन आली, बिल्डरचा नफा आला. जमीन काय जळणारे? विमा असतो परत बांधायच्या खर्चाचा. तुझा कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ६५० चौरस फूट, बांधकामाचा दर धर फुटाला ३००० (हा आपला हिशोबापुरता, खरा दर एखाद्या कॉन्ट्रॅक्टरला विचार), झाले साडेएकोणीस लाख. कुठे ९५ आणि कुठे हे! इंजिनियर आहेस ना तू, गुणाकार येतो ना?

१ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ही स्टँडर्ड पॉलिसी आलीय, ती घेतलीस तर बेसिक कव्हर कुठल्याही कंपनीकडे तेच: आग, भूकंप, पूर, वादळ, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं. सामानाला बिल्डिंगच्या रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतात, कमाल १० लाख. म्हणजे तुला ३ लाख ९० हजार. आता वही घेऊन घरभर फीर आणि लिही, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, सोफा, आईची शिलाई मशीनसुद्धा. भिंतीला ठोकलेलं किचन बिल्डिंगमध्ये धरतात, ते परत मोजू नकोस. बेरीज ३ लाख ९० हजारांच्या वर गेली तर यादी देऊन रक्कम वाढवून घे. दागिने वेगळे सांगावे लागतात. आणि साधी घरफोडी ह्यात नाही हं! आग-पुरासारखं काही झालं तर त्यानंतर ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात, बाकीसाठी वेगळं कव्हर.

"चौथ्या मजल्यावर कसला पूर" असं परत म्हणू नकोस. आपल्या पुण्यातच २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला, २०२४ ला एकता नगरीत, पाणी खालीच शिरलं मान्य, पण तुझी स्कूटर कुठे असते? पार्किंगमध्येच ना? ती घराच्या पॉलिसीत येत नाही, आणि स्कूटरचा नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) विमा असेल तर रुपया मिळणार नाही. वरच्यांचा पाइप फुटला तर मजला बघून पाणी येत नाही. भिंतीतली वर्षानुवर्षांची ओल मात्र कुणी भरून देत नाही.

सोसायटीची पॉलिसी असेलही, पण किती रकमेची? आमच्याकडे दरवर्षी मागचाच आकडा पुढे ढकलतात, मी मीटिंगमध्ये उठलो की "आला इन्शुरन्सवाला" म्हणून हसतात. बायको म्हणते वाईटपणा घेऊन काय मिळवलंत? काही नाही. दोन शेजारी बोलायचे थांबले, त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण जुना आकडा कॉपी केलेल्या कागदावर मी सही करणार नाही म्हणजे नाही. हट्टी म्हण हवं तर.

आणि तो बँकवाला लोनबरोबर लाइफ कव्हर चिकटवतोय ना, त्याचा प्रीमियम लोनमध्येच घालून, म्हणजे त्याच्यावरही व्याज तूच भरणार. तो वेगळा विषय आहे, टर्म प्लॅन (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा आयुर्विमा) बाहेर बघ, लोनसाठी तिथलाच घ्यावा अशी सक्ती नाही. गोड बोलतो म्हणून सही ठोकू नकोस.

शनिवारी सेक्रेटरीकडून सोसायटीच्या पॉलिसीची पूर्ण कॉपी माग, तुझी यादी कर, मग मला दोन्ही पाठव. स्क्रीनशॉट नको, पीडीएफ.