कॉन्फोकल मायक्रोस्कोपला 32 चॅनेलचा स्पेक्ट्रल डिटेक्टर (आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार 32 पट्ट्यांत वाटून मोजणारा) घ्यावा की दोन गॅस्प (GaAsP, जास्त संवेदनशील साधे डिटेक्टर) पुरेत? डेमोत स्पेक्ट्रल मोडला चित्र फार मंद आलं, गेन (सिग्नल किती मोठा करून दाखवायचा ते) वाढवूनही दाणेदारच.

दोन गॅस्प घ्या. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण मला लिहायचंय. कारण "गेन वाढवून बघितला" हे वाक्य मीही एकदा बोललोय आणि त्यावर चारचौघांत बोलणी खाल्ली आहेत.

मी रत्नागिरीचा. एमएस्सी झाल्यावर एका प्रकल्पावर होतो. भाट्याच्या खाडीतल्या तिवरांच्या श्वसनमुळांवर कुठले जिवाणू कुठे बसतात, ते बघायचं. ओहोटी बघून गुडघाभर चिखलात उतरायचं, मुळं कापायची, फिक्स करायची, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरायचा आणि रात्रीची तुतारी पकडून दादर. डब्यात त्या खोक्याला मासळी समजून दोनदा जागा बदलायला लावलीय लोकांनी. कॉन्फोकल मुंबईत, दुसऱ्यांचा, तासावर पैसे.

तिवराचं मूळ म्हणजे लिग्निन आणि टॅनिनचा कारखाना. 488 नॅनोमीटरच्या लेझरखाली ते स्वतःच हिरवट-पिवळं चमकतं. जिवाणू ओळखणाऱ्या आमच्या प्रोबला जोडलेला चमकणारा रंग म्हणजे फ्लुओरेसीन, तोही हिरवाच. त्यामुळे हे दोन हिरवे वेगळे करायला स्पेक्ट्रल वापरायचं ठरलं, आणि इथवर प्रकल्पाच्या सरांचं बरोबर होतं.

ते मशीन सरकत्या फटीचं. एका वेळी 5 नॅनोमीटरचा एकच पट्टा डिटेक्टरपर्यंत जातो, बाकीचा प्रकाश फुकट. 500 ते 600 म्हणजे 20 पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यासाठी त्याच जागेवर पुन्हा लेझर. वर चित्र दाणेदार येतं म्हणून ॲव्हरेजिंग आठपट, म्हणजे तेच आठदा. लेझर पडत राहिला की फ्लुओरेसीन पटकन मरतं, त्याची चमक जाते. आलेखाचं शिखर, म्हणजे पीक, आलं 510 ला. यायला हवं होतं 520 च्या आसपास. सर खूश. मुळातल्या आम्लामुळे पीक सरकलं, हा सूक्ष्म-पर्यावरणाचा पुरावा आहे, वगैरे वगैरे.

मला ते पचेना. स्लॉटची वीसेक मिनिटं उरली होती. त्याच स्लाइडवर शेजारची न शेकलेली जागा धरली आणि स्कॅन उलटा लावला, 600 कडून 500 कडे. पीक आलं 530 ला! आम्लाला स्कॅनची दिशा कळत नाही हो. जो पट्टा आधी मोजला तो उजळ, नंतरचे मंद, कारण तोवर रंग अर्धा मेलेला. सरांना दाखवलं, तर "तुझी सेटिंग चुकली असेल." मग गेनवरून सगळ्यांसमोर जी काही झाली ती वेगळीच.

आता तुमचा 32 चॅनेलवाला. त्यात सगळे पट्टे एकाच वेळी मोजले जातात, म्हणजे वरचा घोळ होत नाही. पण मासळीच्या टोपलीचे वाटे लावावेत तसं आहे ते. टोपली तेवढीच, वाटे वाढवले की प्रत्येकात दोन-दोन तारल्या. एका पिक्सेलमधून हिरव्याचे 100 फोटॉन आले, तर एकाच चॅनेलमध्ये त्यांचा गोंधळ (नॉइज, आकड्यातला आपसूक चढउतार) 10, म्हणजे दहा टक्के. तेच 10-10 नॅनोमीटरच्या पाच चॅनेलमध्ये वाटले, तर प्रत्येकात 20 आणि गोंधळ साडेचार, म्हणजे बावीस टक्क्यांच्या वर. डेमोत मंद आणि दाणेदार दिसलं ते हेच. गेन फोटॉन जन्माला घालत नाही, आहे तो गोंधळच मोठा करून दाखवतो. शिवाय प्रकाशाचे रंग वेगळे करणारं ग्रेटिंग वाटेत प्रकाश खातं. साध्या डिटेक्टरमध्ये, म्हणजे फोटोमल्टिप्लायरमध्ये, शंभरातले वीस-पंचवीस फोटॉन पकडले जातात, हिरव्यात गॅस्प चाळीसच्या आसपास. तुमचे रंग दूर-दूर असतील, समजा हिरवा आणि गडद लाल, तर फिल्टर आणि गॅस्प यांच्यापुढे स्पेक्ट्रल म्हणजे निव्वळ हौस. गॅस्प 700 च्या पुढे झोपतो, तेवढं लक्षात ठेवा.

हे पाच वाटे परत एकत्र केले तर शंभरच होतात, हे खरंय. फोटॉन मोजणारा चांगला डिटेक्टर असेल तर नुकसान मी वर रंगवलं त्यापेक्षा कमी. आणि तुमचे रंग कुठले ते तुम्ही सांगितलेलंच नाही. समुद्री शेवाळ किंवा सायनोबॅक्टेरिया बघत असाल, तर त्यांची स्वतःची चमकणारी रंगद्रव्यं असतात: फायकोएरिथ्रिन 580 च्या आसपास, फायकोसायनिन 650, क्लोरोफिल 680. हे एकमेकांच्या अंगावर चढलेले असतात, तिथे 32 चॅनेलवाल्याला पर्याय नाही. माझं पहिलं वाक्य मग मागे घेतो. फक्त अनमिक्सिंगसाठी (मिसळलेले रंग गणिताने वेगळे करायला) रंग न लावलेलं मूळ किंवा शेवाळ त्याच सेटिंगवर आधी घ्या, पुस्तकातला स्पेक्ट्रम चिकटवू नका. आणि किनाऱ्यावर असाल तर आधी खोलीला डीह्युमिडिफायर घ्या, जून ते सप्टेंबरात ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळच्या भिंगावर) बुरशी आली की कुठलाच डिटेक्टर कामाचा नाही.

सरकत्या फटीचंच मशीन नशिबात असेल, तर प्रत्येक नमुना सरळ आणि उलट दिशेने, वेगवेगळ्या ताज्या जागांवर स्कॅन करा. पीक हललं तर लेझर कमी करा आणि मग बोला. दहा मिनिटांचं काम आहे. गरज नाही असं कोणी म्हणालं तर त्यांच्यासमोरच करा, स्लॉट संपायची वाट बघू नका. मी बघितली. आमचं पोस्टर 510 घेऊनच गेलं, तिसऱ्या नंबरावर माझं नाव आहे, आणि विभागाच्या जिन्यात ते अजून फ्रेम करून लावलेलं आहे.