‘आधी करा, नंतर बघू’ या उत्तरावर संख्याशास्त्राचा ऑनलाइन कोर्स घेऊ नका

तुम्ही लिहिलंय की मानसशास्त्रात एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहात, गणित दहावीनंतर सुटलं, आणि विभागातल्या संख्याशास्त्राच्या पेपरऐवजी स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचा एनपीटेलचा (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा) कोर्स करून त्याचे क्रेडिट घ्यायचा विचार आहे. ऑफिसात विचारल्यावर ‘आधी करा, प्रमाणपत्र आलं की बघू’ असं सांगितलं. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. मलाही जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं आणि त्यापायी माझं वर्ष गेलं.

नोंदणी कशी करायची, व्हिडिओ कुठे दिसतात वगैरे लिहीत नाही, ते साइटवर कळतं. आधीच सांगते, मी नियमांची जाणकार नाही, विद्यापीठागणिक पद्धत बदलते आणि माझा अनुभव काही वर्षांपूर्वीचा आहे. तारखा आणि फी स्वतः तपासा.

माझं असं झालं. सत्र सुरू व्हायच्या आधी मी विभागात जाऊन विचारलं. ‘चालतंय, सर्टिफिकेट आणा’ असं उत्तर मिळालं. मी कोर्स केला, परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पास झाले. प्रमाणपत्र घेऊन गेले तर म्हणाले, हे परीक्षा विभागाचं काम. परीक्षा विभाग म्हणाला, विभागप्रमुखांचं पत्र आणा. विभागप्रमुख तोवर बदलले होते आणि नव्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मग कोणीतरी फाइल उघडून पाहिली आणि दोन हरकती काढल्या. एक, हा कोर्स त्या सत्राच्या मंजूर यादीत नव्हता. दोन, आपला पेपर चार क्रेडिटचा आणि हा कोर्स तीनचा, मग उरलेल्या एका क्रेडिटचं काय? दोन्ही गोष्टी सत्राच्या सुरुवातीला पाच मिनिटांत सांगता आल्या असत्या. मी तेव्हा समोरच उभी होते. निकाल राखीव राहिला आणि पुढच्या वर्षी तोच पेपर कॉलेजात पुन्हा द्यावा लागला. दरम्यान पुढच्या प्रवेशाची मुदत टळली. त्या काळात कोणी एक ओळ लेखी दिली नाही. प्रत्येक टेबलावर तोंडी उत्तर, आणि पुढच्या टेबलाला आधीचं उत्तर मान्य नाही. विद्यार्थ्याच्या वर्षाची किंमत कोणाच्याच खात्यात पडत नाही, याचा राग मला अजून येतो.

आता नियमाचं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, स्वयमच्या क्रेडिटबद्दलचे नियम 2016 साली आले आणि 2021 साली सुधारले. आधी मर्यादा 20 टक्के होती, नंतर एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत विषय असे करता येतील अशी तरतूद झाली. हे आकडे सगळे सांगतात. पण कोणते कोर्स मान्य करायचे हे तुमच्या संस्थेने सत्राआधी ठरवायचं असतं, ते फारसं कोणी सांगत नाही. ‘यूजीसीने परवानगी दिली आहे’ एवढ्यावर काउंटरवर काही हलत नाही. तुमचा कोर्स, त्याच नावाने, त्या सत्राच्या यादीत असायला हवा.

म्हणून फी भरण्याआधी अर्ज द्या. त्यात कोर्सचं पूर्ण नाव, किती आठवड्यांचा, किती क्रेडिटचा, विभागातल्या कोणत्या पेपरऐवजी, हे सगळं असू द्या. सोबत दोन्ही अभ्यासक्रमांच्या प्रती जोडा. एनपीटेलचा 12 आठवड्यांचा कोर्स साधारणपणे 3 क्रेडिटचा, 8 आठवड्यांचा 2 क्रेडिटचा धरतात. तुमचा पेपर 4 क्रेडिटचा असेल तर उरलेलं क्रेडिट कसं भरायचं हे त्याच अर्जात विचारा. अर्ज आवक-जावकला द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी शिक्क्याशिवाय निघू नका. कॉलेजात एनपीटेलचं लोकल चॅप्टर असेल तर तिथले समन्वयक शोधा, त्यांना सगळे स्पॉक म्हणतात. ऑफिसपेक्षा त्यांना बरंच जास्त ठाऊक असतं.

उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकारात मंजूर कोर्सची यादी आणि संबंधित ठरावाची प्रत मागा. 2005 च्या कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि आपल्याकडे अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं तरी चालतं. काही जण म्हणतात याने ऑफिस दुखावतं. माझं मत वेगळं आहे, पण तुम्हाला अजून दीड वर्ष तिथे काढायचंय, तेव्हा ठरवा तुम्ही.

आणि लेखी मंजुरी नाहीच मिळाली तर? कोर्स जरूर करा, पण विभागाचा पेपरही द्या. एकाच तयारीत दोन्ही होतं.

आता विषयाबद्दल, कारण गणिताची धास्ती तुमच्या शब्दाशब्दांत दिसते. सुरुवातीच्या कोर्सला बेरीज, वजाबाकी, वर्गमूळ आणि अक्षरांत लिहिलेली सूत्रं वाचता येणं एवढं पुरतं. सरासरी, मध्यक, आलेख हे पहिले काही आठवडे सोपे जातात आणि तिथेच फसगत होते. लोक दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवतात आणि नमुना वितरण, म्हणजे पुष्कळ नमुने घेतले तर त्यांच्या सरासऱ्या कशा पसरतात हा भाग, आलं की गळतात. तिथे वेग कमी करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तुमच्याच विषयातलं उदाहरण देते. बुद्ध्यांकाच्या चाचणीची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 15 धरतात. हे 15 म्हणजे माणसामाणसातला फरक. आता 25 जणांचा नमुना घेऊन त्यांची सरासरी काढली, असे पुष्कळ नमुने घेतले, तर त्या सरासऱ्या एकमेकींपासून किती सरकतील? 15 भागिले 25 चं वर्गमूळ, म्हणजे 3. ही प्रमाण त्रुटी. नमुना 100 जणांचा केला तर दीड. चौपट माणसं घेतली तेव्हा त्रुटी निम्मी झाली. 15 आणि 3 या दोन आकड्यांतला फरक ज्याला मनापासून पटला, त्याला विश्वासांतर (खरी सरासरी कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी याचा अंदाज) आणि टी-चाचणी (सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारी) कळते. बाकीचे सूत्रं पाठ करतात आणि परीक्षेत कोणतं लावायचं यावर अडकतात.

दुसरी अडचणीची जागा पी-व्हॅल्यू. नाणं 100 वेळा उडवलं आणि 60 छापे आले. नाणं खरंच समतोल असेल तर मधल्या 50 पासून इतकं किंवा याहून लांब जाण्याची, म्हणजे 60 किंवा जास्त अथवा 40 किंवा कमी छापे येण्याची, संभाव्यता साधारण 0.057 आहे. हीच पी-व्हॅल्यू. ‘नाणं समतोल असण्याची शक्यता 5.7 टक्के’ असा अर्थ होत नाही, आणि शोधनिबंधांतसुद्धा असं सर्रास लिहिलेलं सापडतं. पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली तरच निकाल ‘लक्षणीय’ धरायची प्रथा आहे, आणि एका छाप्याच्या फरकाने ती 0.05 ची रेषा ओलांडली जाते हेही यातून दिसतं, म्हणून त्या रेषेवर मी फार जीव टाकत नाही.

कोर्सच्या गुणांत 25 टक्के वाटा असाइनमेंटचा आणि 75 टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचा. पास व्हायला 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30, दोन्ही हवेत. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम 8 असाइनमेंट धरतात. टेलिग्रामवर तयार उत्तरं फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. असाइनमेंटमध्ये भरघोस गुण आणि परीक्षेत कोरा पेपर, अशी मुलं मी पाहिली आहेत. कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेची फी भरून नोंदणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या मुदती. फी माझ्या वेळी 1000 रुपये होती.

सुटं सुटं आणखी थोडं. पहिली काही उदाहरणं आठ-दहा आकडे घेऊन हाताने सोडवा, मगच एक्सेल. एक्सेलमध्ये प्रमाण विचलनासाठी एसटीडीईव्ही डॉट एस आणि डॉट पी अशी दोन फंक्शन आहेत. नमुन्यासाठी एस, ते एन (नमुन्यातल्या आकड्यांची संख्या) वजा एकने भागतं. उत्तर दुसऱ्या दशांशात चुकलं की पहिला संशय याच्यावर घ्या. आर ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र दोन्ही एकदम पहिल्यांदा शिकू नका. मानसशास्त्रासाठी जामोव्ही किंवा जास्प ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि सुरुवातीला पुरेशी आहेत. इंग्रजी व्याख्यान जड गेलं तर तोच भाग खान अकादमीवर बघा, पण क्रेडिटसाठी परदेशी कोर्सच्या प्रमाणपत्रामागे पैसे घालवू नका, निदान आधी विचारल्याशिवाय नाही. स्वयमवर नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, कारण प्रमाणपत्रावर तेच येतं.

आणि एक राहिलं. प्रमाणपत्र परीक्षेनंतर काही आठवड्यांनी येतं, तोवर कॉलेजचा निकाल लागून जाऊ शकतो. तेवढ्या काळात निकाल राखीव ठेवणार की गुण नंतर चढवणार, हाही प्रश्न अर्जात घाला. माझ्या नंतरच्या अर्जाची प्रत जपून ठेवली आहे. मसुदा हवा असेल तर सांगा, नावं आणि क्रमांक काढून इथेच टाकते. तुमच्या पेपरचे क्रेडिट किती तेवढं मात्र आधी कळवा.