आईला जे औषध देणार आहेत त्यानेच उंदरांना मधुमेह करतात. मग आईलाही होईल का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या स्वादुपिंडात न्यूरोएन्डोक्राइन (म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) गाठ आहे, ती यकृतात पसरली आहे, आणि डॉक्टरांनी स्ट्रेप्टोझोटोसिन व फ्लुरोयुरासिल अशी केमो सांगितली आहे. भावाने नेटवर शोधलं तर प्रयोगशाळेत यातल्या स्ट्रेप्टोझोटोसिननेच उंदरांना मधुमेह करतात असं दिसलं, आणि तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही.

भावाने वाचलं ते खरं आहे. तरीही आईला त्यातून कायमचा मधुमेह होण्याची भीती फार धरू नका. काही रुग्णांची साखर थोडी वर-खाली होते, ती बहुतेक वेळा परत जागेवर येते. तुमची काळजी किडनीकडे वळवा. मी डॉक्टर नाही, फार्माकॉलॉजी शिकवते. एम.फार्म.च्या प्रबंधासाठी मी स्वतःच्या हाताने या औषधाने उंदरांना मधुमेह केला आहे, त्यामुळे ती बाजू मला जवळून ठाऊक आहे.

औषधाची पूड फ्रीझरमध्ये ठेवायची, आयत्या वेळी गार सायट्रेट बफरमध्ये विरघळवायची आणि दहा-पंधरा मिनिटांत टोचायची, कारण द्रावण टिकत नाही. वजनाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम, एकच इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी शेपटीच्या टोकाचं थेंबभर रक्त ग्लुकोमीटरवर घेतलं की आकडा २५०च्या वर. पाण्याच्या बाटल्या भराभर रिकाम्या होतात, पिंजऱ्यातला भुसा दिवसातून दोनदा बदलावा लागतो.

पण माझ्या पहिल्या खेपेतले चार उंदीर पहिल्याच रात्री मेले, आणि तेही साखर उतरून. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरताना त्यांच्यात साठलेलं इन्सुलिन एकदम रक्तात सांडतं. त्या रात्री पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज घालायचं असतं. मी ते घातलं नव्हतं. सकाळी उघडलेले ते पिंजरे मी विसरलेले नाही. ही गोष्ट का सांगते, ते पुढे येईल.

आता माणसाचं वेगळं का? या औषधाचा रेणू म्हणजे ग्लुकोजसारखी साखर आणि तिला जोडलेला नायट्रोसोयुरियाचा तुकडा. साखरेच्या रूपामुळे ग्लुट-२ नावाच्या वाहक प्रथिनाला ते ग्लुकोजच वाटतं आणि ते त्याला पेशीत आत घेतं. आत गेल्यावर हा तुकडा डीएनएवर मिथाइल गट चिकटवतो. मोडलेला डीएनए दुरुस्त करण्याच्या धडपडीत पेशीचा ऊर्जासाठा संपतो आणि पेशी मरते. उंदराच्या बीटा पेशींवर ग्लुट-२ भरपूर असतं. माणसाच्या बीटा पेशींवर ते फार कमी असतं, त्या ग्लुकोज मुख्यतः ग्लुट-१ या दुसऱ्या वाहकातून घेतात आणि त्या वाटेने हे औषध नीट शिरत नाही.

‘माणसाला डोस कमी देत असतील’ असं मलाही विद्यार्थिदशेत वाटायचं. एकदा हिशेब मांडून बघितला. केमोचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर काढतात. नेहमीच्या एका पद्धतीत दर चौरस मीटरला ५०० मिलिग्रॅम, रोज एकदा असे ५ दिवस, आणि दर ६ आठवड्यांनी पुन्हा. माझ्या उंदरांचा डोस त्याच मापात बसवला तर सुमारे ३६० येतो, तोही एकदाच. म्हणजे माणसाला उलट जास्तच मिळतं. म्हणून मला हा डोसचा प्रश्न वाटत नाही, पेशीच्या दाराचा वाटतो.

हे औषध मुळात अँटिबायोटिक म्हणून सापडलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ब्ल्यू रॅपिड्स इथल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून अपजॉन कंपनीने ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस वेगळं केलं. कुत्र्यांना आणि उंदरांना त्याने मधुमेह होतो हे १९६३ साली छापून आलं. त्या निबंधाच्या तीन लेखकांत दोन राकिटेन आणि एक नाडकर्णी. ग्रंथालयात ते आडनाव वाचून मी क्षणभर थांबले होते. जे औषध इन्सुलिनच्या पेशी मारतं ते त्याच पेशींच्या कॅन्सरवर चालेल, हा विचार तिथून पुढे गेला आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला पसरलेल्या आयलेट गाठींसाठी, म्हणजे स्वादुपिंडातल्या संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या आईसारख्याच गाठींसाठी, मान्यता मिळाली. झॅनोसार हे त्याचंच ब्रँडनाव. स्वादुपिंडाचा जो कॅन्सर आपण नेहमी ऐकतो तो बहुतेक वेळा पाचकरसाच्या नलिकांचा असतो आणि त्याची औषधं वेगळी आहेत. त्याचे भीतीदायक आकडे वाचून आईच्या आजाराशी ताडू नका.

किडनीचं मात्र मनापासून सांगते. या औषधाचा डोस अडतो तो तिथेच, आणि इजा प्रत्येक फेरीला साठत जाते. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरलेल्या वेळी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं फॉस्फेट तपासलं जातंय ना, हे स्वतः विचारा. लघवीत प्रथिनं दिसणं ही लवकर मिळणारी सूचना असते, तो रिपोर्ट फाईलमध्ये तसाच पडू देऊ नका. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन परस्पर आणायचं नाही. कुणी प्रेमाने पाठवलेला काढा, कारल्याचा किंवा जांभळाच्या बियांचा अर्क, हेही या दिवसांत नको. ‘जांभळाने उंदरांचा मधुमेह बरा झाला’ अशा बातम्यांतले उंदीर पुष्कळदा माझ्यासारख्याच कुणीतरी याच औषधाने आजारी पाडलेले असतात.

मळमळ आणि उलट्या जवळजवळ सगळ्यांना होतात, आणि त्या जोरदार असतात. त्यावरची औषधं केमोच्या आधीच द्यायची असतात, त्रास सुरू होण्याची वाट बघू नका.

आणि आता ते चार उंदीर. आईची गाठ इन्सुलिन बनवणारी आहे का, हे विचारून घ्या. असेल, तर पहिल्या डोसनंतर गाठीच्या पेशी मरताना साखर अचानक खाली येऊ शकते. नसेतून द्यायचं ग्लुकोज त्या वेळी हाताशी असायला हवं, आणि वॉर्डातल्या लोकांना ते माहीत असतं. पण घरी आल्यावर घाम, थरथर, बडबड किंवा जास्तच गुंगी वाटली तर रात्री दोन वाजले असले तरी बोटावर साखर तपासा. कमी निघाली आणि आई शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी पाजा, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा. ग्लुकोमीटर घरात नसेल तर पहिल्या फेरीच्या आधी घेऊन ठेवा.