तीर्थन नदीवर ट्राउटच्या फ्लाय फिशिंगचा दिवस कसा जातो? पुण्याहून येणाऱ्या अगदी नवख्या माणसाला ते जमेल का?

जमेल, मात्र दिवसाचा बराचसा भाग पाणी न्याहाळण्यात जाईल, याची तयारी ठेवून यावे. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा; गळावर बांधलेल्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने, त्याला पकडणे म्हणजे फ्लाय फिशिंग. मी नोकरीनिमित्त कुल्लू जिल्ह्यात राहतो आणि हंगामात सवड मिळेल तेव्हा तीर्थनच्या काठी असतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

प्रथम हंगामाविषयी. हिमाचलमधील ट्राउटच्या पाण्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारीस बंदी असते, कारण ब्राउन ट्राउटची मादी याच थंडीत तळाच्या बारीक गोट्यांत खळगा करून अंडी घालते. उरलेल्या काळात मत्स्य विभागाचा परवाना घेऊनच गळ टाकता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ असते, त्यामुळे मार्च ते जून आणि पावसानंतर ऑक्टोबरअखेरपर्यंतचे दिवस धरावेत. उन्हाळ्यात वरचे बर्फ वितळून दुपारनंतर नदी चढते, म्हणून तेव्हा सकाळ अधिक भरवशाची. हा मासा मूळचा इथला नाही. ब्रिटिशांनी तो आधी काश्मीरमध्ये आणि १९०९ मध्ये कुल्लू खोऱ्यात आणला. हिमालयाच्या थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात तो रुजला. सह्याद्रीतल्या नद्यांचे पाणी उन्हाळ्यात त्याला सोसणार नाही एवढे तापते.

गुशैणी किंवा नागणीच्या परिसरात मुक्काम केल्यास उजाडताच नदीवर पोहोचता येते. रॉड जोडण्यापूर्वी मी काठालगतचे दोन-चार दगड उलटून पाहतो. त्यांच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या किड्यांच्या अळ्या कोणत्या आकाराच्या आणि रंगाच्या आहेत, त्यावरून फ्लाय निवडतो, कारण ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखालीच होते. अळीसारखी दिसणारी, बुडणारी ती निम्फ आणि पृष्ठभागावर तरंगणारी ती ड्राय फ्लाय. नवख्याने निम्फपासून सुरुवात करावी. नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरचा रॉड (नंबर त्याला चालणाऱ्या लाइनच्या, म्हणजे दोरीच्या, वजनाचा) या नदीला पुरतो. साध्या गळाला शिशाचे वजन ओढून नेते, इथे मात्र फ्लायला जवळजवळ वजनच नसते. जाड लाइनचे वजन तिला पुढे नेते. त्यामुळे हाताचा जोर फारसा कामी येत नाही. रॉड मागे नेल्यावर लाइन पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबणे आणि मगच पुढे आणणे, एवढे साधले की पुढचे हळूहळू येते.

खरी कसोटी असते ती मासा कुठे असेल हे ओळखण्याची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो आणि फुकट दम खर्च करत नाही: मोठ्या शिळेच्या आडोशाला, किंवा वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागून वाहतात त्या रेषेवर, तो थांबतो आणि धारेतून येणारे खाद्य टिपतो. म्हणून त्याच्या मागच्या बाजूने, म्हणजे खालून वर, वाकून आणि सावली पाण्यावर न पाडता जावे. तीर्थन शिळांनी भरलेली असल्याने पंधरा-वीस फुटांपलीकडे फेकण्याची गरज क्वचितच पडते. लांब फेक दिसायला देखणी असते हे खरे, पण इथे ती बहुधा नुकसानच करते: मधल्या वेगवान धारेत पडलेली लाइन फ्लायला ओढत नेते आणि प्रवाहाहून वेगळ्या गतीने जाणाऱ्या अळीवर ट्राउट विश्वास ठेवत नाही. रॉड उंच धरून शक्य तितकी लाइन पाण्याबाहेर ठेवावी आणि वाहत्या लाइनवर नजर रोखावी. ती किंचितही अडखळली की रॉड उचलावा. पुष्कळदा तो दगडच निघतो.

नदीतला ब्राउन ट्राउट बहुधा वीत-दीड वीत लांबीचा मिळतो; पिवळसर अंगावर काळे आणि लाल ठिपके असतात. मी टोकाजवळचा उलटा काटा चेपलेला गळ वापरतो, मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करतो, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघत नाही, आणि त्याला पाण्यातच धरून सोडून देतो. जेवणात ट्राउट हवाच असेल, तर खोऱ्यात तो पाळणारे आहेत; इथे ताटात येतो तो बहुतेक त्यांचाच रेनबो ट्राउट असतो.

पाण्यात उतरताना काठी हवीच. शेवाळलेले दगड आणि हाडे गोठवणारे पाणी यांमुळे गुडघाभर प्रवाहही माणसाला पाडू शकतो. वर पाऊस झाल्याची शंका आली, किंवा पाणी अचानक गढुळले, तर लगेच काठ गाठावा. पाण्याची चकाकी कापणारा पोलराइज्ड चश्मा मासे दाखवतो आणि मागे गेलेल्या गळापासून डोळेही वाचवतो.

पहिल्या दिवशी स्थानिक जाणकार सोबत घ्यावा. रॉडही बहुधा त्याच्याकडून मिळतो. रॉड आधीच मिळत असेल, तर पुण्यातल्या एखाद्या मोकळ्या मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करून यावे, म्हणजे इथला वेळ झुडपांत अडकलेली फ्लाय सोडवण्यात जाणार नाही.