नागपूरला 2 मुक्कामांसाठी जायचे असल्यास हॉटेल कोणत्या भागात घ्यावे?

आपण लिहिले आहे की, वरोऱ्याजवळच्या गावाहून वडिलांना घेऊन एसटीने नागपूरला जायचे आहे, पहिल्या दिवशी दुपारी पोहोचायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी धंतोलीतील दवाखान्यात तपासणी करायची आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट दाखवून, जमल्यास बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, थोडी खरेदी करून सायंकाळी परत निघायचे. हॉटेल रेल्वे स्टेशनजवळ घ्यावे, बसस्थानकाजवळ की दवाखान्याजवळ, असा आपला प्रश्न आहे. मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात कृषी केंद्र चालवतो. कंपन्यांच्या बैठकांसाठी आणि पुढे आईच्या उपचारांसाठी नागपूरला माझे बरेच मुक्काम झाले आहेत. आपण दवाखान्याजवळच, म्हणजे धंतोली, रामदासपेठ किंवा काँग्रेसनगर या पट्ट्यात उतरावे, त्यासाठी रात्रीमागे दोन-तीनशे रुपये जास्त मोजावे लागले तरी, असे माझे मत आहे.

बसस्थानकाशी आपला संबंध येताना एकदा आणि जाताना एकदा येतो. दवाखान्याचे तसे नसते. उपाशीपोटी रक्त द्यायला सकाळी जावे लागते, साखरेची तपासणी असेल तर जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावे लागते, डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले की सांगितलेली वेळ पुढे सरकते आणि रिपोर्टसाठी संध्याकाळी आणखी एक फेरी होते. खोली पायी पाच-सात मिनिटांवर असेल, तर मधल्या वेळात वडील अंग टाकू शकतात; ती मुख्य बसस्थानकाजवळ गणेशपेठेत असेल, तर तोच वेळ दवाखान्यातील बाकावर जातो, कारण दोन तासांसाठी जाऊन-येऊन ऑटो करणे कोणाच्याही जिवावर येते. आईच्या पहिल्या खेपेला आम्ही नेमके असेच बाकावर बसून राहिलो होतो.

आपल्या बाबतीत आणखी एक सोय आहे. वरोऱ्याची बस जाम, बुटीबोरीमार्गे वर्धा रोडनेच शहरात येते आणि धंतोली व रामदासपेठ हे दोन्ही भाग त्याच रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. त्यामुळे गणेशपेठपर्यंत जाऊन पुन्हा मागे येण्याची गरज नाही. वाहकाला आधी सांगून छत्रपती चौकात किंवा अजनी चौकात उतरता आले, तर तेथून ऑटो मिळतो. सामान कमी असेल तर छत्रपती चौकातून मेट्रोही आहे. काँग्रेसनगर हे तेथून तिसरे स्थानक आणि त्याच्या पुढचेच सीताबर्डी, म्हणजे आपल्या खरेदीची जागा. हाच प्रश्न भंडाऱ्याकडच्या किंवा उमरेडमार्गे येणाऱ्या माणसाने विचारला असता, तर मी त्याला वेगळी वाट सांगितली असती, कारण त्या बसगाड्या शहरात दुसऱ्याच बाजूंनी शिरतात.

‘स्टेशनपासून 5 मिनिटे’ या जाहिरातीवर मात्र विसंबू नये. नागपूर स्टेशनला दोन बाजू आहेत. फलाट क्रमांक 1 कडून बाहेर पडले की पश्चिमेचे मुख्य प्रवेशद्वार लागते आणि मागची पूर्वेची बाजू संत्रा मार्केटकडे उघडते. एकदा मी अशीच जाहिरात वाचून खोली घेतली आणि पश्चिमेकडून बाहेर पडलो. हॉटेल रुळांच्या पलीकडे निघाले आणि ऑटो रुळांवरच्या रामझुला पुलावरून फिरवून न्यावा लागला. हॉटेलवाला खोटे बोलला नव्हता, त्याची पाच मिनिटे दुसऱ्या दारापासूनची होती. वर्धा रोडच्या बाबतीतही हीच खबरदारी घ्यावी, कारण नकाशावर अगदी समोर दिसणारे हॉटेल रस्त्यापलीकडे असेल, तर म्हाताऱ्या माणसाला घेऊन तो रस्ता ओलांडणे हेच मोठे काम होऊन बसते. म्हणून खोली ठरवण्यापूर्वी फोन करून हॉटेल रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे आणि दवाखान्यातून पायी कसे यायचे, हे विचारावे. ज्याला ते नीट सांगता येत नाही, त्याच्याकडे मी खोली घेत नाही. मे महिन्यात जाणार असाल, तर पायी अंतराचा हिशेब आणखी आखडता घ्यावा, कारण पारा 45 च्या घरात असताना दुपारी अर्धा किलोमीटरही वडिलांना झेपणार नाही.

त्याच फोनवर खोलीची वेळ 24 तासांची आहे की दुपारी 12 ते 12, हेही विचारून घ्यावे. आपण दुपारी पोहोचून तिसऱ्या दिवशी सायंकाळी निघणार आहात, त्यामुळे 12 वाजता खोली सोडावी लागली, तर शेवटचा अर्धा दिवस वडिलांना बसवायला जागा राहणार नाही. बहुतेक ठिकाणी सामान ठेवून घेतात, पण सामान ठेवून घेणे वेगळे आणि माणसाला आडवे होऊ देणे वेगळे. अशा वेळी अर्ध्या दिवसाचे भाडे आधीच ठरवून टाकावे. लिफ्ट आणि कमोड यांची चौकशी आपण करालच.

नातेवाइकांकडे उतरण्याचा विषय आपण काढलेला नाही, पण तो निघणारच. आमच्या मामांचे घर वाडी या नागपूरच्या उपनगरात आहे आणि आम्ही हॉटेलात राहिलो हे कळताच “घर असतानी लॉजवर कायले उतरता?” हा प्रश्न दर वेळी ऐकावा लागतो. मात्र वाडीहून सकाळी 8 वाजता धंतोलीत पोहोचायचे म्हणजे साऱ्या घराला पहाटे उठवणे आले. आम्ही आता काम आटोपल्यावर एक संध्याकाळ त्यांच्याकडे जेवायला जातो, तेवढ्याने रुसवा निघतो.

तारीख आपल्या हातात असेल, तर दसऱ्याच्या आसपासचे दिवस टाळावेत. दीक्षाभूमीवर त्या वेळी लाखो लोक येतात आणि दीक्षाभूमी या पट्ट्यापासून जवळच आहे. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन असते, तेव्हाही खोल्यांचे भाव चढतात. दवाखान्याने नेमकी त्याच दिवसांतली तारीख दिली, तर खोली त्याच दिवशी ठरवून टाकावी.

परतीच्या वेळी मात्र चौकात उभे राहून बस पकडू नये, कारण सायंकाळी गाड्या गणेशपेठहूनच भरून निघतात आणि अजनीला चढणाऱ्याला बुटीबोरीपर्यंत तरी उभे राहावे लागते. वडिलांना घेऊन गणेशपेठला ऑटोने जावे आणि तेथेच जागा धरावी.