ट्रान्सपोर्टच्या सेल्समधून वाहन फायनान्समध्ये जाता येतं का? जळगावच्या मुलीला हे काम जमेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, जळगावातच एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सेल्सची नोकरी मिळतेय, घरचे म्हणतात "ट्रकवाल्यांत मुलीचं काय काम", आणि पुढेमागे यातून फायनान्समध्ये शिरता येईल का. (तू म्हटलं तर चालेल ना? माझी भाची तुझ्याच वयाची आहे.)

शिरता येतं. मी शिरले. पण लोक समजतात तसं "सेल्सचा अनुभव" म्हणून नव्हे. मला फायनान्समध्ये घेतलं ते ट्रकचं गणित येत होतं म्हणून, आणि ते गणित मी जिथे शिकले ती जागा कोणत्याही बायोडाटात लिहिण्यासारखी नाही.

२००९ साली मी अजिंठा चौफुलीकडच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावत्या, फाडायला लागले. पगार साडेचार हजार. ऑफिसात एक म्हातारे मुनीमजी होते. दुपारी काम थंडावलं की ते रद्द झालेली बिल्टी उलटी करायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एका फेरीचा हिशेब मांडायचे. वर भाडं. त्याखाली डिझेल, टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता, हमाली, वाराई, दलाली. मग एक आडवी रेघ. रेघेखाली टायर, विमा, आरटीओचं पासिंग आणि कर्जाचा हप्ता, सगळं वर्षाचं-महिन्याचं भागून एका फेरीवर आणलेलं. ड्रायव्हर रेघेच्या वर बघून म्हणतो मालक मजेत आहे, मालकाला झोप येत नाही ती रेघेखालच्या आकड्यांमुळे, असं ते म्हणायचे. टायरचा आकडा तर मला पहिले सहा महिने खराच वाटेना. इतका महाग? आणि इतक्यात झिजतो?

तीन वर्षांनी मला बाहेर पाठवलं, एमआयडीसीत माल मिळवायला. मे महिना, स्कूटीची सीट तापलेली, गेटवरचा वॉचमन विचारणार, "साहेब नाही आले का?" साहेब कोण ते मलाही माहीत नव्हतं. पहिल्या महिन्यात एका चटईच्या कारखान्यात डिस्पॅचवाल्याने मला सरळ टनाचा भाव विचारला, आणि मी सांगूनही टाकला. परत येऊन मुनीमजींना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. चटई हलकी असते, वजन भरायच्या आधी गाडी भरते. तिथे टनाचा नाही, गाडीचा भाव बोलायचा. पाइपांचंही तसंच, फक्त तिथे जाणकार डिस्पॅचवाला मोठ्या पाइपात लहान पाइप सारतो आणि तेवढ्याच जागेत दुप्पट माल बसवतो. डाळमिलवाल्याची गोष्ट उलटी: गाडी अर्धी रिकामी दिसते आणि काट्यावर वजन पूर्ण झालेलं असतं. गाडी तीच, दहाचाकी, पण तिचे पैसे तीन ठिकाणी तीन तऱ्हेने मोजायचे. हे मला कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं असतं?

केळीचं मी फार केलं नाही, ते सावदा-फैजपूरकडच्या लोकांचं राज्य. पण दोन हंगाम पाहिले. गाडीच्या फाळक्यांना आतून केळीचा पाला लावतात, घड रचतात, आणि एकदा गाडी दिल्लीच्या रस्त्याला लागली की मग भाव गौण, वेळ मुख्य. वाटेत एक दिवस गेला तर माल रस्त्यातच पिकतो. तिथे मी "गाडी संध्याकाळी लागेल" असं एकदा खोटं बोलले. गाडी हातात नव्हती, दलालाच्या भरवशावर बोलले. गाडी लागली दुसऱ्या दिवशी दुपारी. कापलेला माल आणि बसलेले मजूर यांच्यासमोर त्या शेतकऱ्याने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सगळं रास्त होतं. तेव्हापासून गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल हातात असल्याशिवाय मी "गाडी लागतेय" हे शब्द उच्चारत नाही.

आता फायनान्स. २०१४ मध्ये धुळ्याला एका वाहन कर्जाच्या कंपनीत मुलाखतीला गेले. धुळं म्हणजे आग्रा रोड आणि सुरत-नागपूर हायवे एकमेकांना छेदतात ते गाव, तिथे कर्ज मागणारा बहुतेक एक-दोन गाड्यांचा मालक असतो, पुष्कळदा कालचा ड्रायव्हर. मला विचारलं, गाडी महिन्याला किती कमावते? मी उलट विचारलं, माल कोणता आणि परतीचं भाडं आहे की रिकामी येते? समोरचे साहेब हसले. नोकरी मिळाली.

तिथे एक गोष्ट लवकर शीक, मी उशिरा शिकले. जुन्या गाडीच्या कर्जात व्याज बऱ्याचदा "फ्लॅट" सांगतात. दहा लाख, चार वर्षं, आठ टक्के फ्लॅट. ऐकायला स्वस्त. व्याज झालं ३ लाख २० हजार, एकूण १३ लाख २० हजार, ४८ हप्ते, हप्ता २७,५००. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण दहा लाखांवर धरलेलं. घटत्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर १४ टक्क्यांच्या पुढे जातो. ग्राहकाने विचारलं नाही तरी मी हे सांगते. दोन-चार जण उठून जातात. जे थांबतात ते हप्ता भरतात.

हे शहाणपण मात्र आपोआप आलेलं नाही. एका मार्च महिन्यात टार्गेट अडलं होतं, आणि वरून आदेश होता की प्रत्येक कर्जासोबत विमा गेलाच पाहिजे. कर्जदाराचा जीवन विमा, त्याचा प्रीमियम कर्जातच मिळवायचा. शिरपूर तालुक्यातल्या एका गाडीवाल्याने जिथे बोट ठेवलं तिथे सह्या केल्या. आठवड्याने कागद पोचवायला घरी गेले. ओट्यावर त्याची बायको बसली होती, सहकर्जदार म्हणून तिचीही सही होती. तिने आतून एक वही आणली. शंभर पानी, पोरांच्या शाळेची, त्यात प्रत्येक फेरीचं भाडं, ॲडव्हान्स, डिझेल, पंक्चरसुद्धा. वही आणि माझा कागद शेजारी ठेवून तिने एका ओळीवर बोट ठेवलं: "ताई, हाऊ आकडा काय शे?"

तो विम्याचा आकडा होता. नवरा खाली बघत होता, मीही. मुनीमजींची आडवी रेघ तिच्या वहीत हुबेहूब होती, आणि त्या रेघेखाली मी न विचारता एक ओळ घुसवली होती.

पॉलिसी नको असेल तर परत करायची मुदत असते. तेव्हा ती पॉलिसी हातात आल्यापासून १५ दिवस होती, आता ३० दिवस आहे. मी दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून दिला, पॉलिसी रद्द झाली, माझा इन्सेंटिव्ह गेला आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर झापलं. कर्जासोबत गाडीचा विमा घ्यावाच लागतो, थर्ड पार्टी तर कायद्याने सक्तीचा आहे. पण कर्जदाराचा जीवन विमा हा वेगळा विषय आहे, आणि तो विकायचा असेल तर समोरच्याला विमा म्हणूनच विकावा. तुझ्यावरही हा दबाव येईल, मार्चमध्ये हमखास.

त्यानंतर मी कोणत्याही घरी गेले की पहिला प्रश्न विचारते: वही कोण लिहितं? आपल्याकडे बरेचदा ती बाई लिहिते, आणि माझ्यासोबतच्या पुरुष सहकाऱ्यांना ती कधी भेटतच नाही, कारण ते बाहेर खाटेवर चहा पिऊन निघतात. मला स्वयंपाकघरापर्यंत बोलावतात. "ट्रकवाल्यांत मुलीचं काय काम" याला माझ्याकडे असलेलं उत्तर हे एवढंच आहे.

बाजाराचे फटके बसतील, ते तुझ्या मेहनतीशी जोडू नकोस. २०१८ च्या जुलैत सरकारने एक्सल लोड, म्हणजे गाडीच्या आसावर किती वजन चालतं ती मर्यादा, वाढवला, दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. रस्त्यावरच्या गाड्यांची क्षमता एका कागदाने वाढली, मग नवी गाडी कोण घेईल? पुढच्या वर्षी माझं टार्गेट निम्म्यावर आलं. २०२० ला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना मुदत दिली, मार्च ते मे, नंतर ऑगस्टपर्यंत. लोकांना वाटलं हप्ता माफ झाला. व्याज चालू आहे हे मी घरून फोन करून करून सांगत होते, शिव्या खात होते.

वसुलीचं विचारशीलच. सेल्सवाल्यांनाही आपल्या खात्यांच्या मागे लागावं लागतं, कुणी नाही म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. पण थकबाकीसाठी फोन आणि भेट सकाळी ८ ते संध्याकाळी ७ यातच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो ग्राहकासाठी केलेला आहे, मला तो जास्त उपयोगी पडला: "साहेब, सात वाजले" म्हणून फोन ठेवते. खेड्यात एकटीने वसुलीला मी जात नाही, सोबत कुणीतरी घेते. हायवेवर बाथरूमसाठी ठरलेले दोन-तीन पेट्रोलपंप आहेत, तुझेही ठरतील. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असायलाच हवी, २०१३ चा कायदा आहे. रुजू होताना तिच्यावर कोण आहे हे विचार, तोंडं कशी होतात ते बघ. आणि पेट्रोल किलोमीटरवर देतात की महिन्याचं ठरावीक, हे लेखी घे. माझे पहिल्या वर्षीचे निम्मे पैसे स्कूटीने प्यायले.

ट्रान्सपोर्टमध्ये किमान दोन-तीन वर्षं काढ, त्याच्या आत उडी मारू नकोस. मधल्या काळात विम्याचं पीओएसपीचं (साध्या पॉलिसी विकणाऱ्याचं) सर्टिफिकेट करून ठेव, दहावी पास पुरते, १५ तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा, बस्स.

घरच्यांशी वाद घालू नकोस. वडिलांना एकदा दिवसा, अकराच्या सुमारास ऑफिसात घेऊन जा. माझे वडील असेच आले होते, चेहरा पाडून. मुनीमजींनी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि उलटी बिल्टी पुढ्यात ओढली. तासाभराने घरी जाताना गाडीवर मागे बसून वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला: "काय गं, तो टायर खरंच इतक्यात जातो?"